वाकडी सीट

३ फेब्रुवारी

ठकी आली. चार वर्षांनी!

आणि मला पोरीच्या आधी दिसली ती तिच्या बुडाखालची सीट. तयार सीट! कुठल्या तरी दुकानातून आणलेली. या घरात अडतीस वर्षं मोटरसायकलच्या सीटा बनतात, आणि या घरची लेक परक्याच्या सीटवर बसून फाटकातून आत येते. आणखी कुठे कापायचं राहिलंय माझं नाक?

ही म्हणाली, "अहो, आधी पोरीचं तोंड बघा. बूड नंतर बघा."

तोंड बघितलं. वाळलंय. केस बारीक कापलेत. मी म्हणालो, कशी आहेस. ती म्हणाली, बरी आहे. झालं! चार वर्षांचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं आम्ही.

सहा तासांचा रस्ता, त्याला ठकीला दोन दिवस लागले. वाटेत मुक्काम केला म्हणे. सीट धड असती तर एका दमात आली असती. हे मी बोललो नाही. म्हणजे बोललो, पण हळू. तिला ऐकू गेलं.

बारा तारखेला निघायचंय म्हणाली. कुठे ते विचारलं नाही. लांबच कुठेतरी जायचं असणार. एक नंबरची भटकी, लहानपणापासून.

४ फेब्रुवारी

सकाळी ती उठायच्या आत अंगणात जाऊन सीट बघून घेतली. काळं रेक्झिन, बारीक शिवण, मशिनची. लेबल कुठेच नाही. लाज वाटली असेल लेबल लावायची. दाबून बघितली तर एका बाजूला अंगठा रुततो, दुसऱ्या बाजूला रुतत नाही. फोम एकसारखा भरायची सुद्धा अक्कल नाही! आणि असल्या सीटांपायी लोक मूळची चांगली सीट काढून माळ्यावर टाकतात. नुसतं चकचकीत दिसलं पाहिजे, बुडाचं काय व्हायचं ते होवो.

मागे वळलो तर ठकी दारात उभी.

"कशी वाटली?"

मी म्हणालो, "गाढवाने बनवलीय आणि घोड्याला विकलीय."

हसली नाही. पूर्वी असल्या बोलण्यावर खो खो हसायची. म्हणाली, "कुठून घेतली विचारणार नाही का?"

"कुठून का घेतलेली असेना. काढून दे, दोन दिवसांत नीट करून देतो."

"नको, बाबा. मला बरी आहे. हिला हात लावू नका." असं म्हणून आत गेली. हात लावू नका! सीटला माझा हात लागावा म्हणून लोक महिनाभर थांबतात. निदान पूर्वी थांबायचे.

ही सगळ्यांत शहाणी. दुपारी म्हणते कशी, "भिंतीशी बोलण्यापेक्षा वहीत लिहा." तेच तर करतोय.

५ फेब्रुवारी

चार वर्षांपूर्वी काय झालं ते आज लिहूनच टाकतो. डोक्यात सारखं तेच घोळतंय.

ठकी माझ्या हाताखाली सहा वर्षं होती. फोम कापण्यात माझ्यापेक्षा हात हलका. हे मी तिला कधी सांगितलं नाही, पोरं डोक्यावर बसतात. पण तिला नसते उद्योग फार. माझं काम नजरेचं. माणूस फाटकातून चालत आला की मला कळतं, याला किती रुंद, किती कडक, पुढे किती उतार. तिने काय काढलं, तर एका परातीत ओली वाळू. गिऱ्हाइकाला त्या वाळूत बसवायची, शंभर आकडे मोजायची, मग हाडांचे दोन खड्डे पडतात ते मोजायची. मी म्हणायचो, वाळूत बसायला तो काय मांजर आहे का? गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची तेव्हा.

मग नळवाल्याची सीट आली. आमच्या भागात नळ दुरुस्त करत फिरतो तो. दिवसभर मोटरसायकलवर, मागे पाइपांची पिशवी. मी तापाने पडलो होतो, म्हणून सीट अथपासून इतिपर्यंत ठकीने केली. माझा एक नियम आहे. कुठलीही सीट गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मी स्वतः तिच्यावर तासभर गाडी चालवतो. अडतीस वर्षांत एकदाही मोडला नाही. ताप उतरला, तसा उठलो आणि नळवाल्याची गाडी घेऊन निघालो. तासाभरात कंबर मोडली माझी! खाली उतरून हात फिरवला तर सीट वाकडी. डावी बाजू चांगली बोटभर उंच.

परत आलो तेव्हा नळवाला अंगणात उभा होता, ठकी शेजारी. मी काही विचारलं नाही. सुरी घेतली आणि तिच्या डोळ्यांदेखत, त्याच्या डोळ्यांदेखत, कव्हर मधोमध फाडलं. म्हणालो, "माफ करा, शिकाऊ हात आहे." ठकी म्हणाली, "बाबा, ऐकून तर घ्या—" मी म्हणालो, "सहा वर्षं झाली, अजून सपाट म्हणजे काय ते कळत नाही, आणि मी ऐकून घ्यायचं?"

तिने हात पुसले. आठवड्याने गाव सोडलं. कुठल्याशा कारखान्यात लागली, चाकांच्या खुर्च्यांच्या गाद्या शिवते. सीट सोडून गादी! मी फोन केला नाही. तिनेही केला नाही. म्हणजे आईला करायची.

वाकडी होती ती वाकडीच होती. त्यात मी काय चुकलो?

६ फेब्रुवारी

आज पोस्टमन आला होता. पत्र नव्हतं, शंका होती. "मास्तर, खात्याने नवीन गाडी दिलीय. मूळची सीट बदलू का राहू देऊ? आमच्यातले सगळे म्हणतात आत जेलचा थर भरून घे."

त्याला बसवून सगळं सांगितलं. कंपनीची सीट बनते दुकानात दोन मिनिटं बसून बघणाऱ्यासाठी. कसं मऊ मऊ वाटतं! माणूस खूश होतो आणि गाडी घेतो. दोन तासांनी तोच फोम दबून बसतो आणि मग तू फोमवर नाही, खालच्या प्लॅस्टिकवर बसलेला असतोस. मऊ म्हणजे आराम असं ज्याला वाटतं त्याने गादीवर बसून गाडी चालवावी. जेल उन्हात तापतं. हवेची उशी म्हणजे होडीत बसल्यासारखं. पुढे उतार असला की माणूस पेट्रोलच्या टाकीवर घसरतो, आणि मग कंबर सावरत बसते. तेव्हा सीट बदल, पण तुझ्या अंगासारखी कापून घे. दुसऱ्याच्या अंगाची विकत घेतलीस तर मूळची काय वाईट होती?

शेवटचं वाक्य जरा मोठ्याने म्हणालो. ठकी आत खिडकीशी होती.

पोस्टमन गेल्यावर ती बाहेर आली. माझ्या कामाच्या टेबलाला टेकून उभी राहिली. बाकावर बसत नाही, जमिनीवर तर नाहीच. परवापासून बघतोय, खुर्चीच लागते बाईसाहेबांना, आणि त्या खुर्चीवर तिची आई उशी आणून ठेवते. जिन्याची एकेक पायरी थांबून थांबून चढते. शहरात राहून अंगात आळस भरलाय.

म्हणाली, "बाबा, एक विचारू? दुखणं हाडातच असेल तर सीट बदलून किती फरक पडतो?"

किती वर्षांनी तिने मला कामातलं काही विचारलं! मी खुलून गेलो, खोटं कशाला बोलू. खरं ते सांगितलं. दुखणं मांसाचं असेल तर सीट घालवते. हाडाचं असेल तर देवाची सीट आणलीस तरी जात नाही. नुसते दिवस ढकलले जातात. "तसल्या माणसाने गाडी विकावी आणि घरी बसावं. आपला आणि सीटवाल्याचा वेळ घालवू नये."

"बरं," म्हणाली.

मग थोडा वेळ फोमचा एक तुकडा हातात घेऊन चोळत बसली. म्हणजे उभी राहिली. बरं वाटलं मला. जुन्यासारखं वाटलं.

७ फेब्रुवारी

काही नाही. पंक्चरवाला म्हणाला, "लेक आली म्हणे, आता दुकान सांभाळणार का?" त्याला म्हणालो, तू तुझी भोकं बुजव.

८ फेब्रुवारी

आज झालं ते लिहायला हात धजत नाही. पण वही सोडून सांगणार कुणाला?

सकाळी नळवाला आला. कव्हर फाटलंय, नवीन घाला म्हणाला. सीट मीच केलेली, ठकीची फाडून त्या जागी दिली होती ती. छान सपाट, पाटासारखी. गाडीवरून काढायला गेलो तर डाव्या बाजूला कव्हरवर गोणपाटाची घडी बांधलेली. सुतळीने, चांगली घट्ट. रोजची.

"हे काय?"

"काही नाही, मास्तर. जरा टेकण."

"माझ्या सीटला टेकण?"

तो बिचारा कानकोंडा झाला. मी सोडतोय होय! बस म्हणालो गाडीवर, बघू दे. बसला. उजवीकडे धड, डावीकडे लोंबकळतोय. मग म्हणाला, "पूर्वी पाण्याच्या टाकीवरून पडलो होतो ना. कंबरेचं हाड वाकडं सांधलं. डावी बाजू वर राहिलीय. चालताना कळत नाही, बुटात जाड तळवा घालतो मी." बूट काढून दाखवला. आत दोन बोटं जाड रबर.

अडतीस वर्षांची नजर! फाटकातून चालत आला की मला कळतं म्हणे!

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

"मुलीला सांगितलं होतं की. तिने बूट काढायला लावले, वाळूत बसवलं. म्हणाली, काका, तुमची डावी बाजू हवेत राहते, तेवढी मी भरून देते. दिली होती हो तिने. घ्यायला आलो त्या दिवशी पाच मिनिटं बसून बघितली, बसल्या जागी सुखाची झोप आली. मग तुम्ही ती एक तासासाठी घेऊन गेलात, आणि आलात ते सुरी घेऊनच. तुमच्यापुढे बोलणार कोण, मास्तर?"

म्हणजे मी त्याची सीट माझ्या बुडाने तपासली. माझं बूड सरळ, म्हणून सीट वाकडी! माझा जन्म ज्या कामात गेला त्यातलं पहिलं वाक्य आहे, सीट बसणाऱ्याची असते, बनवणाऱ्याची नाही. पोस्टमनला परवा हेच ऐकवत होतो. आणि पोरीला तिने हे बरोबर केलं म्हणून घराबाहेर घालवलं.

चार वर्षं तो माणूस गोणपाटावर बसतोय. आणि सणवार असो नसो, रस्त्यात भेटला की मला नमस्कार करतो.

ठकी घरातच होती. हाक मारली असती तर दहा पावलांवर. मारली नाही. नळवाल्याला म्हणालो, सीट ठेवून जा. तो गेला. मी दार लोटून आत बसून राहिलो.

९ फेब्रुवारी

हिला सांगितलं. वाटलं होतं सुनावेल. सुनावलं नाही, त्याचा जास्त राग आला.

"मला कशाला सांगताय? तिला सांगा."

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंत ते. तोंड आहे ना? दिवसभर चालू असतं की."

खरंच सोपं आहे. "ठकी, नळवाल्याची सीट तू बरोबर केली होतीस. मी चुकलो." एवढंच. पोरगी इथे आहे तोवर म्हणायचं. बाराला गेली की पुन्हा चार वर्षं, आणि मी काय अमरपट्टा घेऊन आलोय? आता नाही म्हटलं तर कधीच नाही, हे मला कळतंय. न कळायला काय झालं?

जेवताना सुरुवात केली. "ठकी." ती म्हणाली, "काय?" मी म्हणालो, "मीठ दे."

१० फेब्रुवारी

आजही मीठच मागितलं.

११ फेब्रुवारी

सकाळीच मायलेकी मावशीकडे गेल्या. गाडी दारात असून बसने! ही मागे बसायला घाबरते म्हणे. संध्याकाळपर्यंत घर मोकळं.

आणि माझ्या डोक्यात आलं की तोंडाने जमत नाही तर हाताने करू. हात मला कधी दगा देत नाहीत. उद्या पोरगी लांबच्या रस्त्याला निघणार, आणि ती त्या डबड्या सीटवर. आज तिची सीट उघडावी, असा फोम भरावा की हजार किलोमीटर गेली तरी अंग अवघडू नये. तिने हात लावू नका म्हटलं होतं. पण बसल्यावर कळेलच की! आणि मग मला काही बोलावंच लागणार नाही. हा खरा विचार होता, वहीशी कशाला लबाडी करू.

सीट काढली, टेबलावर पालथी घातली. कव्हर ठोकलेल्या पिना उपसल्या. ऐंशी-नव्वद असतील, एकसारख्या अंतराने मारलेल्या. तेव्हाच जरा चमकलो. तयार सीटमध्ये असं कुणी करत नाही, हात जाईल तिथे ठोकतात. कव्हर सोललं. सुरी उजव्या हातात होती.

आतला फोम मशिनचा नव्हता. हाताने कापलेला. तीन जातींचा, थरावर थर, आणि थर असे मिळवलेले की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. असं काम मी पाहिलेलं नाही. मी केलेलं तर नाहीच. आणि फोमवर पेन्सिलीचे आकडे. आकडे ठकीचे. शाळेपासून तिचा पाच आडवा झाल्यासारखा दिसतो, बाई छड्या मारायच्या त्यावरून.

तिने स्वतः बनवलीय. गाढवाने बनवलीय म्हणालो होतो मी.

सीट वाकडी होती. उजवीकडे वाटीएवढा खोल खड्डा, त्यात अगदी मऊ फोम. डावीकडे कडक, मांडीला आधार देणारा. चार दिवसांपूर्वी पाहिली असती तर हसलो असतो. आज नाही हसलो. त्या खड्ड्यात तळहात ठेवला आणि मला सगळं वाचता आलं, तेवढं तरी येतं अजून. इथे बसणाऱ्याचं उजवं हाड वजन घेत नाही. घेतलं तर कळ जाते. सगळा भार डाव्या मांडीवर. हे बसून बसून आलेलं दुखणं नाही. काहीतरी मोडलेलं आहे.

माझ्या पोरीचं काहीतरी मोडलेलं आहे!

मग एकेक आठवत गेलं. सहा तासांच्या रस्त्याला दोन दिवस. खुर्ची. उशी. पायऱ्या. हाडाचं दुखणं असेल तर— आणि माझं उत्तर. घरी बसावं म्हणालो होतो. सीटवाल्याचा वेळ घालवू नये म्हणालो होतो. तोंडाला माझ्या काय आग लागली होती!

सुरी खाली ठेवली. फोमला लावली नाही. कव्हर जसंच्या तसं ओढून घेतलं आणि एकेक पीन तिच्या तिच्या भोकात घातली. चार तास गेले. जेवलो नाही.

संध्याकाळी त्या आल्या. ठकी आत पडली. हिला स्वयंपाकघरात गाठलं.

"पोरीच्या कंबरेला काय झालंय?"

हिने भांडं खाली ठेवलं. "पडली होती. तीन वर्षं झाली. वळणावर खडी होती, गाडी घसरली. खुब्याचं हाड."

"आणि तू—"

"दोन महिने जाऊन राहिले होते ना मी."

"तेव्हा तर तुझ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं!"

"दोन महिने डोळ्याचं ऑपरेशन चालतं का हो कुणाचं?"

मला हा प्रश्नच पडला नव्हता. म्हणाली, त्या कारखान्यात सुद्धा ती काम मागायला गेली नव्हती. पेशंट म्हणून गेली होती, बसायला गादी करून घ्यायला. त्यांनी केलेली तिला पटेना, म्हणून तिथेच बसून स्वतः केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कामावर ठेवून घेतलं. त्याआधी वर्षभर कुठे कुठे शिवणकाम करत होती. मला वाटत होतं पहिल्यापासून तिथेच आहे.

"मला का नाही सांगितलं?"

"ती नको म्हणाली."

"का पण?"

हिने भांडं पुन्हा उचललं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला असतात, बघ, घर सोडून गेलीस आणि पडलीस."

म्हणालो असतो. अगदी हेच म्हणालो असतो, याच शब्दांत.

जेवताना पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं. "नळवाल्याची सीट बरोबर होती."

ठकी ताटाकडे बघत म्हणाली, "माहीत आहे, बाबा."

माहीत आहे! हो, तिला माहीतच होतं की. चार वर्षं माहीत होतं. न कळलेला एकटा मीच. मी चुकलो हे वाक्य पुढे होतं, ते राहूनच गेलं.

मग तिने विचारलं, "सीट उघडलीत ना?"

"हो."

"पिना त्याच भोकांत घातल्यात?"

"त्याच."

"मग ठीक आहे." आणि थांबली. जेवण संपलं होतं तरी उठली नाही. ती वाट बघत होती हे मला कळलं, एवढा मठ्ठ मी नाही. सीट कशी आहे हे ऐकायचं होतं तिला. आणि मी ताटातलं मीठ बोटाने सारत बसलो! ही मधेच भांडी गोळा करायला लागली आणि ती उठून गेली.

सीट चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली आहे. मी अडतीस वर्षांत अशी केली नाही. हे सगळं उद्या सांगणार. थंडी आहे, निघायच्या आधी गाडी दोन-तीन मिनिटं तापवावी लागते. तेवढ्या वेळात होतं. इंजिनाच्या आवाजात बोलायला मला सोपंही जाईल, आणि आवाज चढला तरी चालेल.

१२ फेब्रुवारी

पाच वाजल्यापासून जागा होतो. गाडी सुरू झाली की बाहेर जायचं म्हणून कान देऊन पडून राहिलो. गाडी सुरू झालीच नाही.

सातला ही बसथांब्यावरून परत आली. ठकी पहिल्या बसने गेली. बाबांना उठवू नको म्हणाली. गाडी अंगणातच आहे.

ही म्हणाली, "डॉक्टरांनी डिसेंबरातच गाडी बंद केली तिची. कायमची. तरी ऐकलं नाही. म्हणाली, एकदा बाबांना सीट दाखवून येते, मग गाडी तिथेच ठेवते."

पोरगी नऊ दिवस ती सीट घेऊन माझ्यासमोर उभी होती.